घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या

दिवाळीच्या फराळाला बसले असताना भांडणाचा विषय काढू नये, अशी आमच्या घरची जुनी शिकवण आहे. चकली मोडली तर मोडू द्या, पण माणसाचे मन मोडू नका, असे आमची आई म्हणत असे. ही शिकवण मी साठ वर्षे पाळली. गेल्या दिवाळीत मात्र ती माझ्या हातून मोडली, आणि तीही प्रत्यक्ष जावयाच्या पुढ्यात. त्याचा मला अद्याप पश्चात्ताप झालेला नाही. उलट तोच विषय मी आज आपणा सर्वांच्या फराळाच्या ताटापर्यंत घेऊन आलो आहे. वाचकांनी रागावू नये. आणि रागवायचेच ठरवले तर लेख पुरा वाचून मग रागवावे.

झाले असे. माझा धाकटा भाऊ कऱ्हाडला वह्या-पुस्तकांचे दुकान चालवतो. त्याची मुलगी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिला सहा महिने कुठेतरी ‘इंटर्नशिप’ करणे भाग होते. पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्याच्या ‘सस्टेनेबिलिटी’ विभागात तिची निवड झाली, तेव्हा भावाने गल्लीत पेढे वाटले. कारखान्याचे नाव मी सांगत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे नऊ जण निर्दोष सुटल्यासारखे हसतात, आणि मला त्या नऊ जणांशीही बोलायचे आहे.

तिला मिळालेले काम ऐका. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ने 2021 साली एक नियम केला, आणि 2022-23 या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक झाला. वीज किती जाळली, पाणी किती उपसले, कचरा किती केला, कोणते वायू किती सोडले, आणि आपल्या माणसांना कसे वागवले, याचा जाहीर हिशेब या कंपन्यांनी दरसाल द्यायचा. नियम उत्तम आहे. माझ्या कारखान्यातल्या चाळीस वर्षांत असा हिशेब कोणी मागितला असता तर आमच्या मागचा ओढा काळा झाला नसता. या हिशेबासाठी लागणारे आकडे गोळा करणे हे आमच्या पुतणीचे काम. ती विजेची बिले जुळवी, पाण्याचे मीटर टिपी, जनरेटरला लागलेल्या डिझेलची नोंद ठेवी. आणि रोज दुपारी दोन वाजता कॅन्टीनच्या मागल्या दारी उभी राहून, ताटांत टाकलेले अन्न काट्यावर घालून त्याचे वजन लिहून घेई.

आता मुख्य गोष्ट. या मुलीला पगार नव्हता, विद्यावेतन नव्हते, कंपनीच्या बसमध्ये जागा नव्हती, आणि त्या कॅन्टीनचे कूपनही नव्हते. इंटर्न पगारपत्रकावर नसतात, म्हणून त्यांना कूपन देता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. हवे असेल तर पाहुण्याच्या दराने पैसे भरून जेवावे! तेव्हा ती खानावळीचा गार डबा जिन्याखालच्या बाकावर बसून खाई, आणि दोन वाजता उठून, इतरांनी टाकलेल्या भाताचे किलो मोजायला जाई. सहा महिने. अन्नाची नासाडी थांबवण्याच्या कामावर असलेल्या मुलीला त्याच स्वयंपाकघरातून एक ताट मिळू नये, हे त्या विभागात कोणालाही चमत्कारिक वाटले नाही. मी तरी याला दुष्टपणा म्हणत नाही. दुष्टपणाला निदान लक्ष तरी द्यावे लागते.

फराळाच्या वेळी भावाने तिचे प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलेले दाखवले. मी त्याला सहज विचारले, “या सहा महिन्यांत तुझा खर्च किती झाला रे?” तो म्हणाला, “दादा, खोलीचे सात हजार, खानावळीचे साडेतीन, बस आणि वरखर्च दोन. महिन्याचे साडेबारा हजार.” सहा महिन्यांचे पाऊण लाख झाले. म्हणजे कऱ्हाडच्या एका वह्या विकणाऱ्या दुकानदाराने शेअरबाजारात मिरवणाऱ्या एका कंपनीला पाऊण लाखाची देणगी दिली, आणि पावती म्हणून हे प्रमाणपत्र मिळाले! घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते हेच. पण आपल्या म्हणीतला माणूस निदान स्वतःच्या हौसेने भाजायला जातो. हिला तिथे विद्यापीठाच्या नियमाने पाठवले होते.

यावर आमचे जावई बोलले. ते एका कंपनीत मनुष्यबळ विभागात अधिकारी आहेत. सज्जन आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी इथे विपर्यास न करता मांडतो. ते म्हणाले, “बाबा, अनुभव हाच तिचा पगार. तुम्हीसुद्धा उमेदवारी केलीत ना? आणि आपल्याकडे तर शिष्य गुरूच्या घरी लाकडे फोडत असत.”

मी उमेदवारी केली हे खरे आहे. 1975 साली आयटीआयमधून बाहेर पडून मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. पहिला दीड महिना उस्तादाने माझ्या हातात कानस दिली आणि एक लोखंडी ठोकळा चौरस करायला लावला. रोज संध्याकाळी तो ठोकळ्याला गुण्या लावी, दिव्यासमोर धरी, फटीतून उजेड आला की काही न बोलता ठोकळा माझ्याकडे सरकवी. माझ्या त्या ठोकळ्याचा कारखान्याला कवडीचा उपयोग नव्हता. उलट माझ्यापायी उस्तादाचा वेळ जाई, लोखंड जाई, कानशी झिजत. आणि तरीही महिन्याच्या महिन्याला मला विद्यावेतन मिळे, त्यात माझी खानावळ भागे. हे मालकाच्या दयेने होत नव्हते. 1961 साली आपल्या संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला होता. तो आजही आहे. 2019 सालच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे राबवणाऱ्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, त्यांच्याशी करार नोंदवला पाहिजे आणि त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे. आमच्या पुतणीशी असा कोणताही करार झालेला नव्हता. ‘शिकाऊ उमेदवार’ म्हटले की कायदा आड येतो. ‘इंटर्न’ म्हटले की वाट मोकळी होते.

तेव्हा जावईबापूंच्या पहिल्या मुद्द्याला माझे उत्तर एवढेच, की उमेदवारीत शिकवण्याचा खर्च शिकवणाऱ्याला येतो. ज्या उमेदवारीत खर्च सगळा शिकणाऱ्याचा आणि काम सगळे मालकाचे, ती बिनपगारी नोकरी होय. मी पुतणीला विचारले, “तुला तिथे शिकवले कोणी?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, पहिल्या दिवशी आधीच्या इंटर्नची फाइल दिली होती.” सहा महिन्यांत तिच्या शेजारी खुर्ची ओढून कोणी तासभरही बसले नव्हते. तिच्या ठोकळ्याला कोणी गुण्या लावलाच नाही.

दुसरा मुद्दा गुरुगृहाचा. शिष्य लाकडे फोडी, पाणी भरी, गाई राखी, सगळे खरे. परंतु दुपारी गुरुपत्नी त्याला वाढीत असे हे सांगायला आपण सोयीस्करपणे विसरतो. गुरूच्या घरी राहणाऱ्याला आपल्या जुन्या भाषेत ‘अंतेवासी’ असा शब्द आहे. इंटर्नशिपला सरकारी मराठीत ‘आंतरवासिता’ म्हणतात, तीही आत राहणाऱ्याचीच. ही मुलगी कोणत्या अर्थाने आत होती? बस नाही, ताट नाही, गुरू नाही. आत होते ते फक्त तिचे श्रम.

बिनपगारी राबवून घेण्याची रीत नवी आहे असेही नाही. ‘उमेदवार’ हा शब्दच पाहा. उमेद म्हणजे आशा. आशेवर असलेला तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत असे उमेदवार कागद नकलीत बसत. कारकुनाची जागा रिकामी होईल या आशेवर त्यांची वर्षे जात, आणि तोवर सरकारचे काम फुकट होई. आपण इंग्रज घालवला, कचेरीतला तो उमेदवार घालवून कायदा केला, आणि आता त्यालाच इंग्रजी नाव देऊन वातानुकूल खोलीत पुन्हा आणून बसवला आहे.

परंतु मला अधिक लागली ती एक निराळीच गोष्ट. वार्षिक हिशेबातला माणसांचा तक्ता तिनेच भरला. त्यात कायम कर्मचारी किती, इतर कर्मचारी किती. कायम कामगार किती, इतर कामगार किती. त्यांत पुरुष किती, स्त्रिया किती, अपंग किती, असे रकाने असतात. इंटर्नसाठी रकाना नाही. “काका,” ती हसत म्हणाली, “मी सगळ्यांना मोजलं, मला सोडून.” ती हसली, मला हसता आले नाही. कॅन्टीनमध्ये टाकलेल्या भाताची त्या अहवालात नोंद होती. सहा महिने तो भात मोजणाऱ्या मुलीची नव्हती.

आता हा ‘सस्टेनेबिलिटी’ शब्द मुळात काय आहे ते पाहू. जर्मनीत सॅक्सनी म्हणून प्रांत आहे. तिथल्या खाणींच्या कारभारावर हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाचा अधिकारी होता. खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड इतके लागे की रानेच्या राने उजाड होऊ लागली. तेव्हा 1713 साली त्याने वनशास्त्रावर ग्रंथ लिहून साधी गोष्ट सांगितली: जेवढे वाढते तेवढेच तोडा, आणि तोडाल तिथे लावा, म्हणजे रान पुढेही पुरेल. पुढे 1987 साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या आयोगाने हेच सूत्र साऱ्या जगाच्या विकासाला लावले: आजच्या गरजा अशा भागवा की येणाऱ्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणे अशक्य होऊ नये.

येणाऱ्या पिढ्या! पुतणीच्या विभागात हे शब्द हिरव्या अक्षरांत भिंतीवर लिहिले होते, आणि येणारी पिढी त्या भिंतीखाली गार डबा खात बसली होती. येणारी पिढी म्हणजे शंभर वर्षांनी जन्माला येणारे कोणी अनामिक बाळ, अशी या मंडळींची सोयीची समजूत झालेली दिसते. त्या बाळाला पगार द्यावा लागत नाही, म्हणून त्याच्याविषयी कितीही प्रेमाने बोलता येते. वाचकहो, ती पिढी येऊन पोहोचली आहे. ती बावीस-तेवीस वर्षांची आहे, तिला भाडे भरायचे आहे, आणि दुपारी तिला भूक लागते.

त्या कारखान्यात 5 जूनला, पर्यावरणदिनी, वृक्षारोपण झाले. साहेब लोक येण्याआधी रोपे खड्ड्यांपाशी मांडून ठेवणे हेही इंटर्नचेच काम. माळी तिला म्हणाला, “ताई, नवे खड्डे खणायची गरज नाही, गेल्या वर्षीचेच आहेत.” गेल्या वर्षीची रोपे पाण्यावाचून वाळली होती, कारण त्यांना पाणी घालणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. आपल्याकडे हा विनोद जुना आहे, आपण सगळे त्याला हसलो आहोत. पण माझी पुतणी जून अखेर बाहेर पडली आणि जुलैच्या पहिल्या तारखेला त्याच खुर्चीवर दुसरी मुलगी येऊन बसली. तिला पुतणीची फाइल मिळाली. तिच्या आधी दोन वर्षांत चार जण त्याच खुर्चीवर बसून गेले होते. खड्डा तोच, रोप दरसाल नवे. कार्लोविट्झने 1713 साली लाकडाविषयी जे सांगितले, ते या कंपनीच्या माणसांना लावून पाहा, म्हणजे तिच्या हिरव्या अहवालाची किंमत कळेल.

जावयांचा तिसरा मुद्दा असा, की पैसे द्यायला लावले तर कंपन्या इंटर्न घेणेच बंद करतील. हा मुद्दा मी थट्टेवारी नेत नाही. लहान छापखाना, एकट्या वास्तुशिल्पकाची कचेरी, गावची ग्रामसंस्था यांना महिना दहा हजार जड जातील हे मला समजते. अशा ठिकाणी मालक स्वतः शेजारी बसून शिकवतो, आणि डब्यातली पोळीही वाटून खातो. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण जी कंपनी कागदी पेले बंद केल्याचा गाजावाजा करण्यासाठी सभागृह भाड्याने घेते, तिने पैसे नाहीत हे कारण सांगू नये. सनदी लेखापालांकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांना किमान विद्यावेतन ठरवून दिलेले आहे. त्याने लेखापालांच्या कचेऱ्या बंद पडल्या नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसनेसुद्धा 2022 साली आपल्या इंटर्नना पैसे देणे सुरू केले. तिथेही इंटर्न येतच आहेत.

मोठ्यांच्या घरीही हे होते, असा दाखला कोणी देईल, म्हणून तोही मीच देतो. 2015 सालच्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतले आठवे, सर्वांना सन्मानाचे काम मिळावे हे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्याच संघाच्या जिनीव्हातल्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी करणारा न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा तरुण तळ्याकाठी तंबू ठोकून राहत असल्याचे जगाने वाचले. त्या महागड्या शहरातले भाडे त्याला परवडत नव्हते. लोकांचे लक्ष वेधावे असाही आपला हेतू होता, असे त्याने पुढे कबूल केले. असेल. पण तंबू हेतुपुरस्सर होता म्हणून भाडे कमी होत नाही.

आणि ज्यांना तंबूही ठोकता येत नाही त्यांचे काय? पुतणीच्या वर्गात परभणीकडचा एक मुलगा होता. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबणारे. तिच्या म्हणण्याप्रमाणे वर्गात सर्वांत हुशार तोच. त्याच कारखान्याने त्यालाही बोलावले होते. पाऊण लाख आणणार कुठून? त्याने गावाजवळच्या एका लहानशा प्रयोगशाळेतून सही-शिक्क्याचे पत्र आणून विद्यापीठाची अट भागवली. आता नोकरीच्या मुलाखतीत पुतणीपाशी मोठ्या कंपनीचे नाव आहे, त्याच्यापाशी नाही. फुकट उमेदवारीचा खरा परिणाम हा आहे. तिने पोट भरत नाही एवढेच नव्हे. ज्याचा बाप सहा महिने पोसू शकत नाही, त्याला ती दाराबाहेरच उभा करते. माझ्या भावाचा पाऊण लाख बुडाला. या मुलाची वाटच बुडाली.

शिकणारा हवेवर जगत नाही, हे तत्त्व सरकारनेही आता मान्य केलेले दिसते. 2024 साली जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना पाच हजार रुपये ठरले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला सहा, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला आठ आणि पदवीधराला दहा हजार ठरले. ही चांगली सुरुवात झाली. मात्र केंद्राच्या पाच हजारांत कंपनीचा वाटा पाचशेचा, आणि राज्याचे पैसे सगळे सरकारी तिजोरीतले. तिजोरी म्हणजे पुन्हा आपणच. ज्याचे काम होते त्याने दाम द्यावा, हा बाजाराचा नियम इथेच का लटका पडावा?

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. जो उमेदवार पूर्ण दिवस राबतो त्याला निदान राहणे, जेवणे आणि येणे-जाणे भागेल एवढे विद्यावेतन द्या. आणि काही झाले तरी कॅन्टीनचे ताट द्या. त्याला शिकवणारे एक माणूस नेमा, आणि शिकवण्याचे तास त्या माणसाच्या कामात धरा, नाहीतर ते रोपाच्या पाण्यासारखे राहून जातील. एकाच खुर्चीवर लागोपाठ तिसरा इंटर्न बसवायची वेळ आली, तर ती नोकरी आहे असे समजून जाहिरात द्या. आणि त्या वार्षिक तक्त्यात एक रकाना वाढवा: इंटर्न किती, त्यांना दिले किती. ‘सेबी’च्या अहवालाचा पाया असलेल्या नऊ तत्त्वांपैकी तिसरे तत्त्व काम करणाऱ्यांच्या हिताचे आहे, या रकान्यावाचून ते पुरे होत नाही. विद्यापीठांनीही इंटर्नशिप सक्तीची करताना हा एक रकाना पाहून मगच मुले पाठवावीत.

त्या दिवशी जावई फारसे बोलले नाहीत. निघताना मात्र चपला घालता घालता म्हणाले, “बाबा, खरं सांगायचं तर आमच्या कचेरीतही तशी एक खुर्ची आहे.” यंदाच्या गणपतीत भेटले तेव्हा मी विचारले. वरिष्ठांकडे लेखी टिपण दिले आहे, अजून उत्तर नाही, असे ते म्हणाले. टिपण दिले हे काही कमी नाही. वाचकांत त्यांच्यासारखे पुष्कळ अधिकारी असतील. त्यांनी आपापल्या कचेरीतली ती खुर्ची या सुटीनंतर एकदा बघून यावी.

उरलो आपण घरची माणसे. पेढे आपण वाटतो, प्रमाणपत्राला चौकट आपण करतो, पाऊण लाख आपणच भरतो, आणि पोराने कुरकुर केली तर “आम्ही काय काय सोसलं” हे आपणच ऐकवतो. भाऊबीजेला भाचरे-पुतणी घरी येतील, त्यांत एखादे इंटर्नशिपवरून आलेले असेल. कंपनी कोणती हे तर आपण विचारणारच. यंदा त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी विचारा. तुला तिथे शिकवते कोण? आणि दुपारी तू जेवतेस कुठे?